दवाखान्यातून मंत्रिमंडळाकडे : डॉक्टर स्त्रीने ही वाट कशी चालावी

डॉक्टर बाईंनी राजकारणात यायला हवे, असे गावातले सगळे म्हणतात. आणि बाई खरोखर निघाल्या की ‘मग दवाखाना कोण बघणार?’ असेही तीच मंडळी विचारतात. या दुसऱ्या प्रश्नाने न डगमगणाऱ्या डॉक्टर स्त्रीसाठी हा मजकूर आहे. वैद्यकीय पदवीपासून मंत्रिपदापर्यंतची वाट कोणत्या टप्प्यांनी जाते, कोणत्या टप्प्यावर कोणते कागद आणि कोणती तयारी लागते, आणि डॉक्टरकीत अंगवळणी पडलेल्या कोणत्या सवयी तिथे कामी येतात व कोणत्या आड येतात, हे यात महाराष्ट्रातील व्यवस्थेला धरून सांगितले आहे. नमुना म्हणून डॉ. सुशीला नायर यांची कारकीर्द घेतली आहे, कारण तिच्यात या टप्प्यांचा क्रम स्वच्छ दिसतो, आणि त्या कारकिर्दीचा आरंभ व शेवट दोन्ही आपल्या वर्धा जिल्ह्यात आहेत.

आधी एक कारकीर्द क्रमाने वाचा

सुशीला नायर यांचा जन्म १९१४ चा, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातला. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे एम.बी.बी.एस. आणि एम.डी. झाले. भाऊ प्यारेलाल गांधीजींचे सचिव असल्याने आश्रमाशी संबंध होताच. त्या सेवाग्रामला आल्या आणि थोड्याच दिवसांत वर्ध्याच्या परिसरात उद्भवलेल्या कॉलऱ्याच्या साथीला त्यांना तोंड द्यावे लागले. १९४२ मध्ये अटक होऊन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्या कस्तुरबांसोबत स्थानबद्ध होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा तिथेच गेल्या, तेव्हाही उपचार करणाऱ्यांत त्या होत्या.

आता पुढचा भाग सावकाश वाचावा. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्यापुढे मंत्रिपदाचा मार्ग सहज मोकळा झाला असता, पण त्या अमेरिकेला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेल्या. १९५० मध्ये परतल्यावर फरीदाबादला, म्हणजे निर्वासितांच्या नव्या वसाहतीत, त्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे केले. १९५२ मध्ये त्या दिल्ली विधानसभेवर निवडून आल्या आणि दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री झाल्या. १९५५ मध्ये त्याच विधानसभेच्या अध्यक्ष झाल्या. १९५७ मध्ये झाशीतून लोकसभेत गेल्या आणि १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. एम.डी. झालेली, गांधीजींच्या निकटची, देशभर ओळख असलेली ही स्त्री केंद्रात मंत्री होण्याआधी सार्वजनिक आरोग्याची पदवी, एका आरोग्यधामाची उभारणी आणि सभागृहातील दहा वर्षे एवढे करून आली होती. आपल्यापैकी कोणाची सुरुवातीची शिदोरी याहून मोठी असेल असे मला वाटत नाही, म्हणून हे टप्पे गाळण्याचा मोह टाळावा.

आणखी एक नोंद याच ठिकाणी करून ठेवावी. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर डॉक्टर नव्हत्या, तरी १९५६ चा अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा कायदा त्यांच्याच काळात झाला. आरोग्यमंत्री डॉक्टरच असला पाहिजे हा युक्तिवाद प्रचारात ऐकायला बरा वाटतो, पण आपण स्वतः त्यावर विसंबू नये. पदवीमुळे लोक ऐकून घेतात एवढेच. त्यानंतर बोलायचे काय, ते वेगळे शिकावे लागते.

सार्वजनिक आरोग्य आधी शिकून घ्या

दवाखान्यात आपल्यासमोर एक रुग्ण असतो आणि त्याच्यासाठी जे जे शक्य ते सगळे करणे हा आपला धर्म असतो. मंत्र्यासमोर रुग्ण नसतो. त्याच्यासमोर एक ठरलेली रक्कम आणि ती मागणारे बारा जण असतात. डायलिसिसची यंत्रे वाढवायची की आरोग्यसेविकांची रिक्त पदे भरायची, या प्रश्नाला एम.डी.च्या अभ्यासात उत्तर नसते. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांनीही डॉक्टर झाल्यावर हार्वर्डमध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. १९७४ मध्ये त्या पर्यावरणमंत्री, १९८१ मध्ये पंतप्रधान आणि १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालक झाल्या. आपल्याकडे मुंबईत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत असे शिक्षण मिळते, आणि ज्यांचे एम.डी.च मुळात पी.एस.एम.मधले, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रातले आहे त्यांनी तर अर्धी वाट आधीच कापलेली असते.

पदवी घेणे जमत नसेल तर निदान हे करावे. आपल्या तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, आधी परवानगी घेऊन, महिन्यातून एक दिवस असे वर्षभर जावे. रुग्ण तपासू नयेत, नोंदवह्या पाहाव्यात. लसी ज्या फ्रीजमध्ये ठेवतात त्याच्यावर तापमानाचा तक्ता असतो. तापमान २ ते ८ अंशांच्या दरम्यान असले पाहिजे आणि त्याची नोंद दिवसातून दोनदा व्हायला हवी. रविवारच्या दोन्ही नोंदी सोमवारच्याच शाईने, त्याच हाताने, सलग भरलेल्या दिसल्या, तर कर्मचाऱ्याला धारेवर धरण्याआधी सुटीच्या दिवशी तिथे कोण असते, किती पदे मंजूर आहेत आणि किती भरलेली आहेत, हे विचारावे. सपाटीच्या भागात ३०,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष आपण पुस्तकात वाचलेला असतो, पण त्या केंद्रावर मोजकी माणसे असली की काय होते ते त्या तक्त्यावर कळते. सर्पदंशावरचे औषध किती कुप्या शिल्लक आहे, ते संपत आल्यावर मागणी कोणाकडे जाते, आणि ती गेल्यापासून औषध येईपर्यंत किती दिवस लागतात, हेही तिथेच लिहून घ्यावे. अशा वर्षभराच्या वहीइतके भांडवल पुढे कोणत्याही भाषणासाठी मिळणार नाही.

राजीनामा, नोंदणी आणि दवाखान्याचे कागद

शासकीय सेवेत असलेल्या डॉक्टरला राजकारणात भाग घेता येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये तशी स्पष्ट मनाई आहे. शिवाय लाभाचे पद, म्हणजे शासकीय नोकरीसारखे सरकारकडून मोबदला मिळणारे पद, धारण करणारी व्यक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद १९१ खाली विधानसभेसाठी अपात्र ठरते. राजीनामा दिला म्हणजे सुटका झाली असे नाही, तो मंजूर झाल्याचा लेखी आदेश उमेदवारी अर्जाच्या छाननीपूर्वी हातात असावा लागतो. वैद्यकीय शिक्षणासाठी दिलेल्या बंधपत्राची सेवा किंवा रक्कम बाकी असेल, विभागीय चौकशी चालू असेल, तर मंजुरी अडते आणि निवडणूक हातची जाते. म्हणून हा कागद निवडणुकीच्या तोंडावर नव्हे, वर्षभर आधी हलवावा. कंत्राटी सेवेत असलेल्यांनीही करारातील अटी वकिलाला दाखवाव्यात, आणि शासनाला औषधे किंवा साहित्य पुरवण्याचा ठेका आपल्या नावावर असल्यास त्याचा निकालही आधीच लावावा.

खासगी दवाखाना असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. विरोधक सर्वप्रथम शोधतात तो दवाखान्यातील दोष. सोनोग्राफी यंत्र असेल तर गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखालचा फॉर्म ‘एफ’ प्रत्येक गर्भवतीचा, पूर्ण, सहीसह आहे ना. शुश्रूषागृहाची नोंदणी चालू आहे ना. जैव-वैद्यकीय कचऱ्याचे अधिकारपत्र मुदतीत आहे ना, हे स्वतः तपासावे. मदतनिसाने ‘सगळे आहे, मॅडम’ म्हटले म्हणून थांबू नये. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर 5 वर्षांनी नूतनीकृत करावी लागते, आणि त्यासाठी लागणारे शैक्षणिक गुणांक सभा-दौऱ्यांच्या गर्दीत हमखास मागे पडतात. ते पडू देऊ नयेत.

पहिली निवडणूक जिल्हा परिषदेची

थेट विधानसभेचे तिकीट मिळत असेल तर ते नाकारा असे कोणी म्हणणार नाही, पण डॉक्टर स्त्रीसाठी जिल्हा परिषदेइतकी चांगली शाळा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषद चालवते, तिची स्वतंत्र आरोग्य समिती असते, आणि निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. वयाची अट २१ वर्षांची आहे. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र, तसेच अपत्यसंख्या आणि घरातील शौचालय यांविषयीच्या अटी अर्जाआधी तपासून घ्याव्यात. सुशिक्षित उमेदवारांचे अर्जही अशा कागदांवरून बाद होतात.

डॉ. भारती पवार यांचे उदाहरण येथे लागू पडते. नाशिक जिल्हा परिषदेच्या त्या सदस्य होत्या; २०१४ मध्ये दिंडोरीतून राष्ट्रवादी काँग्रेसच्या उमेदवार म्हणून लोकसभेला हरल्या; २०१९ मध्ये त्याच मतदारसंघातून भाजपच्या उमेदवार म्हणून जिंकल्या; जुलै २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री झाल्या; आणि २०२४ मध्ये पुन्हा पराभूत झाल्या. एका दशकात दोन पराभव, एक पक्षांतर आणि एक मंत्रिपद, असा हा हिशेब आहे. त्यांचे सासरे ए. टी. पवार हे स्वतः माजी मंत्री होते, हेही लपवण्यासारखे नाही. आपल्याकडे राजकारणात आलेल्या बऱ्याच स्त्रियांच्या मागे असे एखादे घर असते. ते नसेल तर त्याची जागा दहा-पंधरा वर्षांच्या ओळखीने भरून काढावी लागते, आणि या बाबतीत डॉक्टरला जो फायदा आहे तो वकिलाला किंवा प्राध्यापकाला नाही: बाळंतपण केलेल्या प्रत्येक घरात आपले नाव माहीत असते.

त्या नावाचा वापर मात्र जपून करावा. रुग्णाचे नाव, आजार किंवा छायाचित्र प्रचारात आणणे हा वैद्यकीय नीतीचा भंग आहे, आणि ज्या बाईने विश्वासाने काही सांगितले तिच्या घराचे मतही त्याने जाते. आचारसंहिता लागू झाल्यावर मोफत तपासणीची शिबिरे घेऊ नयेत. औषधवाटप प्रलोभनात मोडू शकते आणि त्याचा खर्च आपल्या नावावर लागू शकतो.

जिल्हा परिषदांच्या निवडणुका वेळेवर होतीलच असे नाही. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले आणि ते वर्षानुवर्षे राहिले. अशा काळात आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर काम मिळते का ते पाहावे, नाहीतर आशाताईंच्या मानधनाचे रखडलेले प्रश्न हाती घ्यावेत. आशाताई घरोघर जाते आणि कोणत्या घरात कोण आजारी आहे हे तिला आपल्याआधी कळते.

विधानसभेचा अर्ज

वय २५ पूर्ण हवे आणि राज्यातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारा त्या मतदारसंघातला मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात. अनामत रक्कम १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ५,०००; एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांश मते न मिळाल्यास ती जप्त होते. नमुना २६ मधील शपथपत्रात एकही रकाना रिकामा ठेवू नये. लागू नसेल तिथे तसे शब्दांत लिहावे. दवाखान्याची इमारत कोणाच्या नावावर, यंत्रांवर कर्ज किती, पतीच्या आणि अवलंबितांच्या नावावर काय, हे हिशेबनिसाबरोबर बसून आधीच लिहून काढावे. खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाख रुपये, गोव्यात २८ लाख. त्यासाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडावे लागते आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. हिशेब न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते, हरलेल्या उमेदवारालासुद्धा, आणि नेमके हरलेलेच ते विसरतात.

विधानसभेत स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती २०२३ मध्ये मंजूर झाली, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी बांधलेली आहे. तिच्या भरवशावर थांबून राहण्यात अर्थ नाही.

सभागृहात प्रश्न कसा विचारावा

निवडून आलेली डॉक्टर पहिल्या अधिवेशनात बहुधा भाषण करते. भाषण छापून येते, पण काम प्रश्नाने होते. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी), अर्धा तास चर्चा ही आयुधे वापरायला शिकण्यात पहिले वर्ष घालवावे. वाईट प्रश्न असा असतो: ‘ग्रामीण भागातील आरोग्यसेवा सुधारण्यासाठी शासन काय करीत आहे?’ याला ‘शासन सर्वतोपरी प्रयत्न करीत आहे’ हे उत्तर तयारच असते. चांगला प्रश्न सभागृहाच्या ठरलेल्या साच्यात, पण आपल्या वहीतील तपशिलाने भरलेला असतो: ‘अमुक तालुक्यातील अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे दुसरे पद अमुक महिन्यापासून रिक्त आहे, हे खरे आहे काय, असल्यास, त्या काळात तेथील प्रसूतीसाठी आलेल्या किती महिलांना अन्यत्र पाठवण्यात आले, त्यानुसार शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ ‘हे खरे आहे काय’ या चार शब्दांना उत्तर देण्यासाठी मंत्रालयापासून त्या केंद्रापर्यंत प्रत्येक टेबलावर कागद फिरतो, आणि पुष्कळदा उत्तर छापून येण्याआधीच पद भरले जाते.

डॉक्टरचा आणखी एक दोष सभागृहात उघडा पडतो. आपल्याला घाईत बोलायची आणि न ऐकता निदान सांगायची सवय असते. समोरचा सदस्य शिकलेला नसला तरी त्याच्या तालुक्यातील रस्ता पावसात कुठे तुटतो हे त्याला ठाऊक असते, आणि रुग्णवाहिका अडते ती त्याच रस्त्यावर. सुशीला नायर यांना विधानसभेचे अध्यक्षपद भूषवावे लागले, म्हणजे स्वतः कमी बोलून इतरांचे ऐकणे हे ठरलेले काम झाले. केंद्रात जाण्याआधी ते त्यांच्या वाट्याला आले, हे मला त्यांच्या कारकिर्दीतले मोठे भाग्य वाटते.

मंत्रिपद : संख्या, खाते आणि फाइल

मंत्र्यांची नेमणूक मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल करतात. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार मंत्रिमंडळ विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून मोठे असू शकत नाही, म्हणजे २८८ सदस्यांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्री धरून ४३. या ४३ जागांत विभाग, जात, पक्षातील गट आणि आघाडीतील मित्रपक्ष यांचे गणित बसवायचे असते. तिथे वैद्यकीय पदवीचे वजन फार पडत नाही, पण एकच मतदारसंघ पुन्हा पुन्हा जिंकण्याचे पडते. डॉ. विमल मुंदडा केजमधून १९९० पासून सलग निवडून येत होत्या, आणि त्यानंतर त्या राज्याच्या आरोग्यमंत्री झाल्या. सदस्य नसतानाही मंत्री होता येते, मात्र सहा महिन्यांत कोणत्या तरी सभागृहात निवडून यावे लागते.

खाते मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात त्याची हद्द समजून घ्यावी. आपण ‘आरोग्य’ हा एक शब्द वापरतो, पण शासनात तो एकाच ठिकाणी नसतो. जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, वैद्यकीय महाविद्यालये आणि त्यांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, शहरांतील रुग्णालये महापालिकांकडे, आणि कुपोषण ज्या अंगणवाडीत मोजले जाते ती महिला व बालविकास विभागाकडे. मेळघाटातील अशक्त बाळाचे वजन एका खात्याच्या वहीत आणि त्याचा उपचार दुसऱ्या खात्याच्या वहीत नोंदवला जातो. या दोन खात्यांचे मंत्री महिन्यातून एकदा एका टेबलावर बसले तरी पुष्कळ होईल.

फाइल कशी चालते हे एका उदाहरणाने पाहावे. एका केंद्रातील प्रसूतिगृहाला जनरेटर हवा आहे. प्रस्ताव खालून येतो, कक्ष अधिकारी टिपणी लिहितो, अवर सचिव, उपसचिव आणि सचिव त्यावर अभिप्राय देतात, मग तो मंत्र्यांपुढे येतो. खर्चाचा भाग असल्याने वित्त विभागाची सहमती लागते, आणि शेवटी शासन निर्णय निघतो. तोच जनरेटर जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पालकमंत्री आपल्या जिल्ह्यात कितीतरी लवकर बसवू शकतात. कोणती वस्तू कोणत्या वाटेने लवकर येते हे ज्याला कळले तो मंत्री कामाचा. टिपणी संपूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये, आणि असहमती असेल तर ती तोंडी न सांगता फाइलवर लिहावी. रुग्णाच्या केसपेपरवर आपण जे लिहिले नाही ते केलेच नाही असे धरले जाते. फाइलचेही तसेच आहे, आणि डॉक्टरची ही एक सवय मंत्रालयात जशीच्या तशी चालते.

मंत्र्यांसाठीच्या आचारसंहितेनुसार व्यावसायिक हितसंबंध जाहीर करून व्यवसायाच्या संचालनापासून दूर व्हावे लागते, त्यामुळे रुग्णालयाची व्यवस्था शपथविधीपूर्वीच दुसऱ्याकडे सोपवावी.

डॉक्टरला आरोग्य खातेच मिळेल असे नाही आणि तेच मागावे असेही नाही. चिलीच्या मिशेल बाशेले बालरोगाचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टर. २००० मध्ये त्या आरोग्यमंत्री झाल्या, पण त्याआधी त्यांनी सांतियागो आणि वॉशिंग्टन येथे लष्करी धोरणाचा अभ्यास केलेला होता, म्हणून २००२ मध्ये संरक्षण खाते त्यांच्याकडे आले आणि २००६ मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. अर्थ, पाणीपुरवठा किंवा ग्रामविकास यांपैकी एका विषयाचा अभ्यास आमदारकीच्या काळातच करून ठेवावा. पिण्याच्या पाण्याचे खाते मिळाले, तर गॅस्ट्रोची साथ आरोग्यमंत्र्यापेक्षा आपणच आधी थांबवू शकतो.

पद गेल्यावर

मंत्रिपद बहुधा एका दुपारी, दूरदर्शन पाहताना जाते. त्या दिवसाची व्यवस्था आधीच केलेली असावी: नोंदणी चालू, दवाखाना कोणाच्या तरी हाती सुरळीत, आणि हाताशी एक काम. सुशीला नायर यांचे केंद्रीय मंत्रिपद १९६७ मध्ये संपले. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. कस्तुरबांच्या नावाचे तिथले रुग्णालय त्या महाविद्यालयाला जोडलेले आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आश्रमात राहून सुरुवात करायची, खादी वापरायची, आणि प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे, असा तिथला शिरस्ता आहे. १९७७ मध्ये त्या झाशीतून पुन्हा एकदा लोकसभेत गेल्या, पण मुक्काम सेवाग्रामचाच राहिला. संस्थेतली माणसे त्यांना बडी बहनजी म्हणत. ३ जानेवारी २००१ रोजी त्या तिथेच वारल्या.